हिरवट पडलेला वळ

नातीच्या नडगीवरचा मार आज कडेने हिरवट झालेला दिसला आणि पेणच्या सरकारी दवाखान्यातली, मिठागरावरची ती बाई आठवली. नव्वदच्या दशकात मी आणि शैला तिथे नवे डॉक्टर होतो. कॉलेजात मी पहिला आणि ती जेमतेम पास, तरी पेशंट तिलाच शोधत यायचे. मला ते फार सलायचं.

त्या सकाळी एक हवालदार तिला तपासायला घेऊन आला, सोबत तिचा नवराही होता. दंडावर वळ होते. "काल बांधावरून पडली," नवरा म्हणाला. मी दाखल्यावर जखमांचं वय एक दिवस लिहिलं.

शैलाने तिचा दंड खिडकीच्या उजेडात धरला. "हा निळा कालचा असेल. पण हा कडेने हिरवा पडलाय, याला पाच-सहा दिवस तरी झालेत." नवऱ्याला बाहेर पाठवून तिने विचारलं, "काय गो, रोज पडतेस?"

"पडत नाय बाय," म्हणून ती रडू लागली.

मला ते पटलं होतं, तरी मी म्हणालो, "रंगावरून इतकं नक्की सांगता येत नाही."

"मग तूच पुन्हा बघ," शैला शांतपणे म्हणाली.

मी पाहिलं आणि दाखला बदलला. दुपारी रोह्याहून तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. सही माझी होती, म्हणून त्याने माझेच पाय धरले. "साहेब, तुम्ही ओळखलंत म्हणून वाचली."

शैला शेजारीच हात धूत होती. मी त्याला काहीच सांगितलं नाही.