सोमवारची बाटली

“मना नको बगू भाऊ, नली बग.”

दर सोमवारी सकाळी मिठागरावरच्या त्या बाईचं हे फर्मान निघायचं. भाईंदर स्टेशनजवळच्या एका दवाखान्यामागे माझी लॅब होती. लॅब कसली, एक सूक्ष्मदर्शक, एक स्पिरिटचा दिवा, काचेच्या चार नळ्या आणि रत्नागिरीहून आलेला मी! ती पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवायची आणि पदर खोचून समोर उभी राहायची. बाटलीत तिच्या धाकट्या भावाची लघवी असायची. आणि ती गाळणारं मूत्रपिंडही तिचंच होतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी हिचं एक काढून त्याला बसवलं. तेव्हा असलं काही ऐकलं की लोक तोंडात बोट घालायचे. मिठागरावरच्या बायका तिला विचारायच्या, “आता तू अर्धीच का गो?” ही डोक्यावर मिठाची पाटी चढवत म्हणायची, “अर्धी हाय, तरी तुज्यापेक्षा दोन पाट्या जास्त नेतंय.”

दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर कधी झिडकारेल याचा नेम नसतो. माणूस हिंडताफिरता दिसतो आणि आत बिघाड सुरू झालेला असतो. त्याची चाहूल बऱ्याचदा लघवीत लागते. मी नळी दिव्यावर तापवायचो. लघवी गढूळ झाली, तर आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर ठीक. राहिला तर शरीरातलं प्रथिन बाहेर जातंय, म्हणजे मुंबई गाठायची. हे सगळं तिनं महिन्याभरात पाठ केलं होतं.

एकदा नाक्यावर हवालदारानं तिला अडवलं. फडक्यात गुंडाळलेली पिवळी बाटली! त्याला वाटलं, हातभट्टीचा माल सापडला. “काय आहे यात?” त्यानं दरडावलं. “वास घ्या ना सायेब,” ही शांतपणे म्हणाली. त्यानं बूच काढून चांगला दीर्घ श्वास घेतला. त्यानंतर तो हवालदार तिला लांबून बघितलं तरी रस्ता बदलायचा.

माझ्याकडे लघवीचा दाटपणा मोजायची एक तरंगती काचेची नळी होती. ती बघून बाई भलतीच खूश झाली. मिठागरात खाऱ्या पाण्याची ताकद तशाच नळीनं मोजतात. “ह्यात मी तुला शिकवीन,” ती म्हणाली. आणि ह्यातच आम्ही दोघं तोंडावर आपटलो. एका सोमवारी ती नळी अशी काही वर उचलली गेली, की मी घाबरून भावाबहिणीला तडक मुंबईला पाठवलं. तिथे सगळं उत्तम निघालं. गोडं पाणी प्यायलाच पुरत नाही म्हणून बाईनं बाटली मिठागरातल्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली होती, आणि तळाला मीठ धरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी धाडली, “आम्ही मीठ तपासत नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे भावाचा साखरपुडा ठरला. तो एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता, तब्येत ठणठणीत. साखरपुडाही नेमका सोमवारचाच. पाहुणे घरात येत होते, तरी ही नव्या लुगड्यात बाटली घेऊन हजर. मी नळी तापवली. गढूळ. थेंब टाकले. तरी गढूळ.

“बाटली परत खाऱ्या पाण्यानं धुतलीस?” मी विचारलं.

“गोड्या पान्यान धुतली. उकलून घेतली.”

मिठानं दाटपणा वाढतो, असा गढूळपणा येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती चिठ्ठी डोळ्यांपुढे नाचत होती. मी म्हटलं, “आजचा कार्यक्रम होऊ दे. परवा पुन्हा बघू.” आजही त्या वाक्याची मला लाज वाटते.

ती म्हणाली, “मागं मुंबयचं डॉक्टर हसलं, तर हसलं. हसून कोन मेलाय?” आणि तरातरा निघाली. मीही दिवा विझवून तिच्यामागे धावलो.

पाटावर बसलेल्या भावाला तिनं दंडाला धरून उठवलं. “मना काय झालाय? मी बरा हाय!” तो ओरडला. “तू बरा हास. माजं जे तुज्यात हाय, ते बरं न्हाय,” ती म्हणाली. मुलीकडचे अवाक झाले. पण मुलीचा बापही मिठागरातलाच, तो म्हणाला, “जाव द्या. साखर कुठं पलून जात न्हाय.”

शरीरानं मूत्रपिंड नाकारायला सुरुवात केली होती. अगदी वेळेवर पोचलात, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे औषधं, इंजेक्शनं झाली आणि ते वाचलं. साखरपुडाही झाला, लग्नही झालं.

काही वर्षांनी ती गेली. काविळीनं, आठ दिवसांत. सगळ्यांचं बघणारी बाई, स्वतःचं दुखणं अंगावर काढत राहिली. मला तिचा फार राग आला.

पुढच्या सोमवारी तिचा भाऊ दारात उभा. हातात बाटली.

मी म्हटलं, “अरे, अजून दहावं व्हायचंय. आज राहू दे.”

“न्हाय भाऊ,” तो म्हणाला. “ती सगली गेली. एवरंच जितं ऱ्हायलंय तिचं. बगा ना, बरं हाय का.”

मी दिवा पेटवला. मी नळी ज्योतीवर धरली, तसं त्यानं माझं मनगट धरलं. नळी तापली, उकळी आली, आणि लघवी काचेसारखी स्वच्छ राहिली.

“मस्त चाललंय तिचं,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघं तिथेच बाकावर बसून पोटभर रडलो.