ट्रायक्लोला नारळ

अंबडच्या आमच्या कारखान्यातलं भंगार दर महिन्याला उचललं जातं, किस्से मात्र कोणी नेत नाही. ट्रायक्लो बंद केलं त्या काळात तर ते ढिगाने साचले.

ट्रायक्लो म्हणजे पार्टवरचं ग्रीस काढणारं आमचं जुनं रसायन. काम झकास, पण वाफ माणसाला कामातून घालवणारी. पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाने बजावलं, "ऑडिटला थेंब जरी दिसला, तरी ऑर्डर बंद." ऑर्डर बंद म्हणजे आम्ही सगळे घरी. क्वालिटी माझ्याकडे, म्हणून हे लचांड माझ्याच गळ्यात.

मी संत्र्याच्या सालीपासून केलेलं क्लीनर आणलं. पार्ट धुण्याच्या टाकीवर तीस वर्षं काढलेल्या घोटीच्या तुकाराममामांनी वास घेतला. "लय गोड हाय. ह्यानं ग्रीस निघायचं नाय, अजून चिकटंल."

पार्ट लख्ख निघाले. मामांनी ते पुन्हा धुतले. म्हणे, पहिल्यांदा नशिबानं निघाले असतील.

आठवड्याने मामा वैतागून आले. कपड्यांना संत्र्याचा वास, त्यामुळे मामी रोज विचारायच्या, "एकटेच खाऊन येता व्हय?" शेवटी ते रोज अर्धा किलो संत्री घरी नेऊ लागले.

जुनी टाकी भंगारात निघाली, तेव्हा मामांनी तिला हार घातला, शाल पांघरली, नारळ ठेवला. मालक म्हणाले, "अहो, हिच्यामुळेच आपण मास्क लावत होतो ना?"

"तरी तीस वर्षांत एक दांडी नाय मारली तिनं," मामा म्हणाले. मालकांना दोन शब्द बोलावेच लागले.

मग ऑडिट. पुण्याच्या मॅडमना देव्हाऱ्यामागे पाच लिटरचा कॅन दिसला. "हे काय?"

मामांचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. अडीअडचणीला म्हणून त्यांनीच ट्रायक्लो लपवलं होतं.

"गंगेचं पाणी, म्याडम. रामकुंडावरचं," मामा म्हणाले.

मॅडमनी बूट काढले, डोक्यावर ओढणी घेतली आणि उजवा तळवा पुढे केला. "थोडं तीर्थ द्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तळव्याकडे. कॅन झटकन उचलून पाठीमागे घेतला.

"नका घेऊ, म्याडम. ट्रायक्लो हाय. पोटात गेलं तर लिव्हर जातं, वास घेतला तर चक्कर येती. हातमोज्याबिगर हातबी लावू नका."

मॅडमनी कॅन सील केला आणि बराच वेळ लिहीत बसल्या. गेली ऑर्डर, म्हणत मी फॉर्ममध्ये डोकावलो. वर लिहिलं होतं, 'कॅन आजच बाहेर काढणे, ऑर्डर चालू.' खाली 'धोकादायक रसायनांबाबत कामगारांची जागरूकता' असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, 'उत्तम.'