सुट्टीचं पुस्तक

मे महिन्याची सुट्टी लागली की आमचे हेडमास्तर प्रत्येकाच्या हातात एकेक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक ठेवत. सुट्टीत ते वाचायचं आणि जूनमध्ये शाळा उघडली की वर्गापुढे उभं राहून ती गोष्ट आपल्या इंग्रजीत सांगायची, असा त्यांचा शिरस्ता होता. मला त्या वर्षी एका खलाशाच्या विधवेची गोष्ट आली. जाडजूड पुस्तक होतं. मागच्या बाकावरची मुलं हसली, "ही काय वाचणार?" तेव्हाच मी ठरवलं, जूनमध्ये ह्यांची तोंडं बंद करायची.

हुबळीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान, आणि वरच घर. गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया राखायचं काम माझ्याकडे होतं. कावळे हाकलता हाकलता मी ते पुस्तक वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गोष्ट इंग्रजीत मोठ्यानं सांगून पाहिली. पुढचं वर्ष मॅट्रिकचं. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, शब्द दिला होता, "मॅट्रिक होऊ दे की. मग बघू लग्नाचं."

पण शेवया वाळायच्या आत आत्यानं एक स्थळ आणलं. अप्पांचा शब्द आत्यापुढे कधी टिकला आहे?

मुलगी बघायला आले की चालून दाखवायचं, सुईत दोरा ओवायचा आणि काहीतरी वाचायचं, ही आमच्यातली रीत. एरवी एखादी पोथी पुढे ठेवतात. त्या दिवशी मुलाचे वडील म्हणाले, "इंग्लिश शिकतीय म्हणं. तेच वाचू दे की."

आत्यानं माझं सुट्टीचं पुस्तक आणून दिलं. मला वाटलं, देवच पावला. अडखळत, चुकत वाचलं की हे लोक म्हणतील, शाळेचं नुसतं सोंग आहे, आणि उठून जातील. मी मुद्दाम ओळी गाळल्या. वाक्यं मधेच तोडली. पानावर नसलेले शब्द घुसडले. त्या विधवेची मी अगदी वाट लावली.

बैठकीत माना डोलायला लागल्या. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. अप्पांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मला त्यांचा इतका राग आला की अक्षरं दिसेनात, तरी मी वाचतच राहिले. शेवटी मुलाचे वडील म्हणाले, "साकु, साकु, पुरे आता. फडाफडा वाचतीय की पोरगी." मुलगा तेवढा मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्यानं पुन्हा मान खाली घातली.

करायला गेले गणपती, झाला मारुती. पसंती कळली, आणि शाळा उघडायच्या आत माझं लग्न उरकलं.

पुस्तक परत द्यायला अप्पा स्वतः गेले. मी माहेरी आले तेव्हा त्यांनी कौतुकानं सांगितलं, "सरांनी विचारलं, वाचलं का तिनं? मी म्हटलं, वाचलं की, चार माणसांत वाचून दाखवलं." हे ऐकून हेडमास्तर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही. मला अप्पांशी बोलावंसंच वाटेना.

त्या दिवाळीत एकदा जेवण झाल्यावर हे सुपारी कातरत बसले होते. ह्यांची शाळा मॅट्रिक नापास होऊन सुटली होती, तरी इंग्रजी थोडंफार कळायचं. हसत म्हणाले, "त्या दिवशी तू सगळं चुकीचं वाचत होतीस. मला कळत होतं की."

वाटलं, ओळखलं ह्यांनी. मी विचारलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? घरात मॅट्रिक झालेली बायको नको होती मला. म्हटलं, हिला माझ्यापेक्षा कमी येतंय. बरंच झालं."

मी ताटं उचलली आणि मोरीकडे गेले. ती गोष्ट मला अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत येते. सांग म्हणून कुणी म्हटलं नाही.