दिव्याची परीक्षा

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये माझी पोस्टिंग देवळालीला आली. फौज माणसाला घरापासून हजार मैल लांब टाकते, मला मात्र सायकलच्या अंतरावर टाकलं. घर नाशिकरोडला. आईला वाटलं, पोराने वशिला लावला. मी तिला समजावत बसलो नाही. रविवारी तिच्या हातची बाजरीची भाकरी मिळत होती, उगाच खुलासे कशाला?

मी तोफखान्यात कॅप्टन होतो, एअर ओपी पायलट. तुम्हा सिव्हिलियन मंडळींना हे सांगावं लागतं. तोफा डोंगराआडून मारतात, गोळा कुठे पडला ते तोफवाल्याला दिसत नाही. मग आमच्यासारखा एक जण हलकं विमान घेऊन वर जातो आणि रेडिओवर सांगतो: दोनशे डावीकडे, चारशे पुढे. एवढंच काम. विमान लहान, दोन चाकं पुढे, एक चिमुकलं चाक शेपटीला. कुठल्याही माळरानावर उतरायचं.

माझं शॉर्ट सर्व्हिस कमिशन पुढच्या मार्चअखेर संपणार होतं. शेतांवर विमानाने औषध फवारणाऱ्या एका कंपनीने जागा देऊ केली होती. अट एक: एक एप्रिलला हातात कमर्शियल पायलटचं लायसन्स हवं. नसेल तर जागा दुसऱ्याला. मला तेव्हा उडण्याशिवाय काहीही येत नव्हतं, आणि खरं सांगतो, दुसरं काही शिकायची इच्छाही नव्हती.

आई म्हणाली, "सरकारने तुला सहा वर्षं विमानात बसवलं. आता परत परीक्षा कसली?"

"ते सरकार वेगळं, हे खातं वेगळं."

"सरकारं किती आहेत रे आपल्याला?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. फौजेचा पायलट आणि लायसन्सवाला पायलट या दोन जाती आहेत. उड्डाणाचे तास माझ्याकडे भरपूर होते, कमांडिंग ऑफिसरच्या सहीनिशी लॉगबुकात होते. पण लायसन्सच्या खात्याला रात्रीचे तासही हवे होते, आणि आम्ही कोंबड्यांसारखे, अंधार पडला की खुराड्यात. ते तास जमवले. मेडिकल झालं. डॉक्टरने कानात फुंकर मारण्यापासून एका पायावर उभं करण्यापर्यंत सगळं केलं. मग लेखी पेपर: हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान, इंजिन. नेव्हिगेशन मला जड गेलं, कारण आमचं नेव्हिगेशन म्हणजे गोदावरी दिसली की डावीकडे वळायचं. तरी सगळे पेपर सुटले. रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स, तेही मिळालं.

अडलो तो दिव्यावर. परीक्षा साधी. खोलीत समोर दिवा लुकलुकतो, मोर्स लिपीत. आखूड चमक म्हणजे टिंब, लांब चमक म्हणजे रेघ. दिसतील ती अक्षरं कागदावर उतरवायची. पाच-पाच अक्षरांचे गट, आणि गटाला अर्थ काहीच नसतो. मुंबईला जाऊन पहिल्या खेपेला नापास झालो. दुसऱ्या खेपेलाही नापास. तिसरी तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. त्यानंतरची एप्रिल उलटल्यावर होती.

आमच्या फ्लाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, सिग्नलचे हवालदार होते, हिरामण अहिरे. बागलाणातल्या नामपूरचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. परेडवर हिंदी बोलायचे, माझ्याशी अहिराणी, कारण मी नाशिकचा. अहिराणीत "आहे"ला "शे" म्हणतात आणि बोलणाऱ्याचा निम्मा राग त्यातच विरघळतो, असं माझं मत आहे. त्यांनी माझा दुसऱ्या परीक्षेचा कच्चा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला.

"साहेब, हाई काय शे? त्यांनी पाच अक्षरं दिली, तुम्ही दोन लिखी आणि तीन घरनी घाली."

"पुढचं काय येणार ते कळलं होतं मला."

"कळलं होतं, मग नापास कसं व्हयनात?"

त्यांनी दुखणं बरोबर पकडलं होतं. तोफखान्यात आम्हाला शिकवलेलंच तसं. पहिला गोळा पडला की विचार करत बसायचं नाही, अंदाज बांधायचा आणि लगेच बोलायचं. चुकलं तरी चालेल, गप्प बसलेलं चालत नाही. सहा वर्षांत ही सवय हाडात गेली होती. दोन अक्षरं दिसली की डोकं तिसऱ्यावर उडी मारायचं.

"अंदाज तोफना," अहिरे म्हणाले. "दिवाले अंदाज चालत नही. जे दिसस तेच लिखा."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसहा वाजता, रोलकॉल झाला की, अहिरे पाण्याच्या टाकीवर सिग्नल लॅम्प घेऊन चढायचे आणि मी मेसच्या ओट्यावर पॅड घेऊन बसायचो. अर्धा तास. लिहिलेलं अक्षर मी ओरडून सांगायचं, चूक झाली की वरून शिटी. एके संध्याकाळी इतक्या शिट्या झाल्या की स्वयंपाकी कुकर बघायला धावला. शेवटचा गट अहिरे मुद्दाम असा द्यायचे की ज्यातून ब्रह्मदेवालाही शब्द काढता येऊ नये. मी विचारायचो, "अहिरे, याचा अर्थ काय?" ते म्हणायचे, "अर्थ काढाना नही, साहेब. जेवाले जा."

फेब्रुवारी संपता संपता शिट्या कमी झाल्या. मग जनरल साहेबांची पाहणी आली.

फौजेत एक म्हण आहे: हलत असेल तर सलाम ठोका, हलत नसेल तर चुना लावा. जनरल येणार म्हटल्यावर आमच्या सुभेदार साहेबांनी तोफांच्या रेंजजवळच्या कच्च्या धावपट्टीच्या दोन्ही कडांना दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. दुधासारखे पांढरे दगड, दोरी धरून लावलेले. सुंदर रांग होती, पण दोरी धरताना धावपट्टी हातभर अरुंद झाली होती. ते मी आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं. म्हटलं, निघेल विमान. अंदाजच तो.

सकाळी ०९०५. जनरल साहेब १०३० ला येणार होते. त्याआधी मला रेंजवर एक चक्कर मारून हवा कशी आहे ते बघायचं होतं. विमानात मी एकटा. अहिरे धावपट्टीशेजारी रेडिओच्या जीपमध्ये.

"क्लिअर फॉर टेकऑफ."

"रॉजर."

अर्ध्या वाटेत बाजूचा वारा लागला, विमान थोडं डावीकडे सरकलं. धाडकन आवाज झाला. जबड्यात दात आपटले. पुढच्या क्षणी मी हवेत होतो, म्हणून म्हटलं चला, सुटलो. रेडिओचं बटण दाबलं. रेडिओ मेला होता. हादऱ्याने कुठली तरी तार सुटली असणार.

०९१२. वळून धावपट्टीवर आलो, तर खालून लाल दिवा. स्थिर लाल. हवाई नियमांच्या पेपरात हे होतं: उतरू नका, घिरट्या घाला. मी ताबडतोब निष्कर्ष काढला. जनरल साहेब लवकर आले, त्यांचं हेलिकॉप्टर उतरतंय, कॅप्टन साहेबांनी बाजूला व्हावं. मजेत घिरट्या घातल्या. एक गाणंही म्हटलं. चाकं माझ्या सीटवरून दिसत नाहीत, हे तुम्ही लक्षात ठेवा.

०९२१. लाल बंद झाला आणि पांढरा दिवा लुकलुकू लागला. मोर्स. अहिऱ्यांचा हात मी हजारात ओळखला असता. एल. ई. एफ. टी. लेफ्ट.

झालं! डोकं उडालं पुढे. लेफ्ट म्हणजे धावपट्टीच्या डाव्या बाजूने उतरा, उजवीकडे जनरल साहेबांच्या गाड्या उभ्या आहेत. मी इंजिनचा गॅस कमी केला, पंखांचे फ्लॅप टाकले, नाक धावपट्टीकडे वळवलं. चारशे फूट. तीनशे. दिवा अजून लुकलुकत होता, आणि मी त्याच्याकडे बघतच नव्हतो.

तेवढ्यात, देवाशपथ सांगतो, कानात शिटी वाजली. इंजिनच्या आवाजात जमिनीवरची शिटी ऐकू येणं शक्य नाही, हे मलाही कळतं. पण वाजली. मांडीवर पॅड होतं, त्यावर मी फक्त चार अक्षरं लिहिली होती आणि बाकीचं घरचं घातलं होतं.

गॅस पूर्ण दिला, वर आलो. पुन्हा फेरी घेतली. पेन्सिल हातात धरली आणि मेसच्या ओट्यावर बसायचो तसा बसलो. अहिऱ्यांनी पहिल्यापासून दिलं. घाई नाही, रोजच्याच वेगाने. मी एकेक अक्षर उतरवलं, डोक्याला पुढे जाऊ दिलं नाही. संपल्यावर पॅड वाचलं.

लेफ्ट व्हील ब्रोकन. लँड ऑन राइट.

 डाव्या चाकावर उतरलो असतो तर विमान कोलांटी खाऊन पेट्रोलच्या टाकीसकट पेटलं असतं. हे आज मी चहा पिताना सांगतोय, तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. पंख हलवून कळवलं: समजलं.

पेट्रोल जाळायला तासभर घिरट्या घातल्या. तेवढ्यात खाली रुग्णवाहिका आली, आगीचा बंब आला, आणि १०३० ला जनरल साहेबही आले. वेळेवर.

१०४१. उतरायला घेतलं. उजवं चाक आणि शेपटी टेकली. डावा पंख कंट्रोलच्या दांडीने वर धरून ठेवला, वेग कमी होईपर्यंत. मग पंख आपल्या मर्जीने खाली बसला. विमान डावीकडे गरकन फिरलं आणि पंखाचं टोक पांढऱ्या दगडांची रांग उडवत गेलं. थांबलं. मी स्विच बंद केले, पट्टा सोडला, उतरलो, टोपी सरळ केली. जनरल साहेब समोर उभे.

"लागलं?"

"नाही, सर."

"दगड किती पाडले?"

"सात, सर."

त्यांनी सुभेदार साहेबांकडे बघितलं. "बाकीचे उद्या काढा."

अहिरे जीपमधून उतरले नव्हते. मी गेलो तेव्हा दिव्याची काच पुसत होते. 

"पहिल्या फेरीले काय लिखं होतं?" त्यांनी विचारलं.

मी पॅड दाखवलं. चार अक्षरं. त्यांनी मला अशी एक शिवी दिली की कोर्ट मार्शल झालं असतं. मी म्हटलं, "हो."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला गेलो. खोली तीच, दिवा तोच, परीक्षकही तेच. त्यांनी मला ओळखलं आणि सुस्कारा सोडला. मी दिसलं ते लिहिलं. पास झालो. लायसन्स पोस्टाने आलं ते २९ मार्चला. आईने ते देवासमोर ठेवलं आणि म्हणाली, "एवढंसं पुस्तक?" अहिऱ्यांना दाखवायला गेलो तर त्यांनी पान उलटून फोटो पाहिला. "फोटो चांगला नही शे," म्हणाले, आणि चहा मागवला.

पुढची बरीच वर्षं मी शेतांवर फवारणी केली. कपाशीच्या हंगामात नाशिकहून शहाद्याकडे विमान न्यायचं असायचं. वाटेत थोडी वाकडी वाट केली की नामपूर. अहिरे सुट्टीवर असले की आधी कार्ड यायचं: अमुक तारखेपासून घरी शे. मग मी बरोबर त्यांच्या कांदा साठवायच्या चाळीवरून जायचो. शेजारी घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, अहिरे दाढीचा आरसा घेऊन उभे. सूर्य धरून पाच अक्षरं द्यायचे, अर्थ काही नाही. मी पॅडवर उतरवायचो, पंख हलवायचो आणि रात्री ती अक्षरं लिहून कार्ड टाकायचो: हीच का? उत्तर यायचं: तिसरं चूक. वहिनी त्यांच्या मागे पदर कपाळावर धरून उभ्या असायच्या. हे आम्ही कंपनीला कधी कळवलं नाही.

सत्त्याऐंशीला अहिऱ्यांचं युनिट शांतिसेनेत श्रीलंकेला गेलं. ते तेव्हा नायब सुभेदार होते, पेन्शनला वर्ष उरलं होतं. रेडिओ सेट घेऊन एका गल्लीतून चाललेल्या तुकडीबरोबर होते, तिथेच गोळी लागून गेले. शेवटचा संदेश पूर्ण पाठवला, असं त्यांच्या ऑफिसरने मला लिहिलं. मधे तोडला नाही. तसंच करणार ते. मी ते पत्र घेऊन खूप रडलो.

नामपूरला जाऊन आलो.  निघताना वहिनींनी एवढंच विचारलं, "साहेब, तुमनं इमान आजून जास का इथून?"

"जातं, वहिनी."

पुढच्या हंगामात शहाद्याला निघालो. सकाळचे ०८४०. आकाश स्वच्छ. सवयीने वाकडी वाट केली. धाब्यावर वहिनी एकट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तो आरसा होता. त्यांना मोर्स येत नव्हतं. सूर्य कसा धरायचा एवढं मात्र बघून बघून कळलं होतं. आरसा चमकला. कधी लांब, कधी आखूड, मधे हात थकला तेव्हा थांबला, पुन्हा चमकला.

मी पॅड मांडीवर घेतलं. टिंब, टिंब, रेघ, टिंब. कुठलं अक्षर होत होतं, कुठलं होत नव्हतं. अंदाज केला नाही. दिसलं तसं सगळं लिहिलं, एक फेरी जास्त घेऊन शेवटपर्यंत लिहिलं, आणि पंख हलवले.

संध्याकाळी लॉगबुक भरलं. नाशिक ते शहादा. शेवटच्या रकान्यात त्या खुणा जशाच्या तशा उतरवल्या. खाली लिहिलं: नायब सुभेदार हिरामण अहिरे, नामपूर. संदेश मिळाला.