‘आलो’ म्हणजे काय

पोस्टला नाव नव्हतं, नंबर होता. तो मी इथे सांगणार नाही. उत्तरेकडची डोंगरी सरहद्द, एवढं पुरे. आमची कंपनी उन्हाळ्यात वर चढली. गाडी पायथ्याला सोडायची आणि पुढे पिट्टू पाठीवर घेऊन चालायचं.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, सैनिक दिवसभर बंदूक रोखून उभा असतो. आमची दिनचर्या अशी होती: पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज राहणं, मग चहा, मग हत्यारांची साफसफाई, मग गस्त नाहीतर फटीग. फटीग म्हणजे हमाली. मी सरहद्दीवर गोळ्या कमी झाडल्या आणि रॉकेलचे जरीकॅन जास्त वाहिले. दगडही पुष्कळ फोडले. माझा डावा पाय आणि डावा कान दगडातच गेला. शाळेत सव्वीस जानेवारीला पाहुणा म्हणून बोलावलं तेव्हा गुरुजींनी माइकवर विचारलं, "कोणत्या लढाईत जखमी झालात?" मी म्हणालो, "लढाई नव्हती. रस्त्याचं काम चालू होतं." टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या वर्षी आमंत्रणही आलं नाही.

मी बोरीचा, जिंतूर तालुका. लान्स नाईक व्यंकटी ढगे चुडाव्याचा, पूर्णा तालुका. पलटणीत सगळे मराठी, पण सातारा-कोल्हापूरकडचे जास्त. आम्ही दोघं परभणीवाले बोलायला लागलो की त्यांची करमणूक व्हायची. व्यंकटी लंगरमध्ये "जेवायलोय" म्हणाला की दोघं-तिघं तरी त्याची नक्कल करायचे. त्याला राग यायचा नाही. म्हणायचा, "तुमी नक्कल करा. तवर आमी तुमच्या वाटणीची भाजी खातो." आणि खरंच खायचा.

कॅप्टन साहेब दक्षिणेकडचे होते. आमच्या पलटणीत बाहेरच्या अफसराला मराठी शिकावं लागतं. काही जण कामापुरतं शिकतात. साहेब मनापासून शिकले. त्यांच्याकडे व्याकरणाचं एक पुस्तक होतं आणि संध्याकाळी ते व्यंकटीला समोर बसवून पाठ म्हणायचे. मी आलो, तू आलास, तो आला. व्यंकटी म्हणायचा, "सायेब, हे पुस्तकातलं हाय. आमी असं मोजून-मापून न्हाई बोलत." साहेब हसायचे आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे. सेटवर, म्हणजे वायरलेसवर, ते नियमातल्या भाषेऐवजी आमच्याशी मराठीत बोलायचे. याचा आम्हाला केवढा अभिमान होता! दुसऱ्या कंपनीच्या पोरांना आम्ही मुद्दाम ऐकवायचो.

त्या हंगामात पोस्टकडे येणारी पायवाट रुंद करायची होती. मध्ये एक कडा आडवा आला होता. त्याला सुरुंग लावून थोडा थोडा फोडायचा. पायोनियर पार्टी बारूद भरायची. वर सांगरच्या आड, म्हणजे दगडी भिंतीमागे, साहेब सुरुंग उडवायचा एक्सप्लोडर घेऊन बसायचे. खालच्या वळणावर दोन संत्री, म्हणजे पहारेकरी, ते मी आणि व्यंकटी. शिट्टी झाली की वाट बंद करायची, मोठ्या शिळेच्या आड, म्हणजे कव्हरमध्ये, जायचं आणि सेटवर एकच शब्द बोलायचा: "क्लिअर." तो आल्याशिवाय वर बटण दाबायचं नाही, असा ड्रिल.

पहिल्या काही दिवसांत ड्रिल अगदी चोख होता. मग रोजचं झालं. रोजचं झालं की माणूस ढिला पडतो. "क्लिअर"ऐवजी "बसलो सर" व्हायला लागलं. कोणी "झालं सर", कोणी "होऊ द्या सर". साहेबांनी कोणाला टोकलं नाही. त्यांना सगळं समजतंय याचाच त्यांना आनंद होता.

त्या दिवशी दुपारी ढग होते, वारा नव्हता. शिट्टी झाली. आम्ही शिळेकडे वळणार तेवढ्यात खालच्या वाटेनं एक पोर्टर पाठीवर पिठाचं पोतं घेऊन चढताना दिसला. त्याला शिट्टी ऐकू गेली नव्हती. आम्ही दोघं खाली धावलो. त्याला एका खडकाच्या खोबणीत बसवलं. तिथे एकाचीच जागा होती. आम्ही परत शिळेकडे पळत सुटलो. व्यंकटी पुढे, हातात सेट. मी मागे.

सेटवर साहेबांचा आवाज आला.

"लोअर, लोअर. कव्हरमध्ये पोचलात का? ओव्हर."

व्यंकटी पळता पळता, धापा टाकत बोलला, "आलो सर, आलो."

"रॉजर. आउट." म्हणजे समजलं, बोलणं संपलं.

व्यंकटीनं वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "रॉजर काय म्हनायलाय ह्यो?"

त्याच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

स्फोट मला ऐकू आलाच नाही. नुसती धूळ दिसली आणि मी बसलेला होतो. कधी बसलो ते कळलं नाही. डावा बूट पायात होता, पण त्याचं टोक मागच्या बाजूला वळलेलं होतं. दुखत नव्हतं. व्यंकटी माझ्यापुढे पालथा पडला होता. सेट त्याच्या मुठीत तसाच होता आणि त्याचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे वरून कोणीतरी बोलत होतं. मी व्यंकटीला हाका मारल्या. मारल्या असाव्यात. मला माझाही आवाज येत नव्हता.

सगळ्यात आधी तो पोर्टर आला. त्यानं डोक्याचं फडकं सोडून माझ्या गुडघ्याच्या वर करकचून आवळलं. आज मी गिरणीत बसून दळण दळतोय ते त्या फडक्यामुळे. त्याचं नाव मला माहीत नाही. पुढे चौकशीतही त्याला कोणी बोलावलं नाही. त्याचं काम संपलं होतं, तो आपल्या गावी गेला होता.

हॉस्पिटलात पाय गुडघ्याखाली कापला. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, आतलंही काही गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उजवा येईल, डावा विसरा. त्याआधी मला साधा मलेरियासुद्धा झाला नव्हता. सर्दीची गोळी कधी घेतली नव्हती. व्यंकटीचं पार्थिव तोवर चुडाव्याला पोचलं होतं. मला ते उशिरा सांगितलं.

उजव्या कानानं थोडं ऐकू यायला लागल्यावर कॅप्टन साहेब आले. खाटेच्या उजव्या बाजूला वाकून म्हणाले, "तो म्हणाला, आलो. मी स्वतः ऐकलं. आलो म्हणजे आलोच ना?"

मी म्हणालो, "सर, आई घरातून हाक मारते तेव्हा आपण ओट्यावरून न हलता म्हणतो, आलो. आलो म्हणजे निघालोय. अजून वाटेतच आहे."

साहेब बराच वेळ सरळ होईनात. मग म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"नसेल, सर."

त्यांना कळलं होतं. त्या दिवशी, त्या खाटेपाशी, त्यांना पुरतं कळलं होतं. हे मी शपथेवर सांगेन.

चौकशी बसली. प्रश्न एवढाच होता, की संत्री कव्हरमध्ये पोचून पुन्हा बाहेर आले, की पोचलेच नव्हते. माझी जबानी खाटेवर घेतली. मी सगळं सांगितलं. प्रमुख अफसर मराठी नव्हते. ते कागद चाळून म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय, डोक्यालाही मार आहे, अशा माणसाला सेटवरचं नेमकं बोलणं कसं आठवतं? मी म्हणालो, साहेब, ऐकलं आधी, पडदा फाटला नंतर. त्यांनी मान हलवली. माझी जखमच माझ्या विरोधात साक्षीला उभी राहिली.

मग त्यांनी आमच्या एका जुन्या मराठी सुभेदारांना बोलावलं आणि विचारलं, "आलो का मतलब?"

सुभेदार सावधान होऊन म्हणाले, "आ गया, साब."

विचारलं तेवढंच सांगितलं. फौजेत तीच सवय लागते. त्यांच्यावर माझा राग नाही. खुद्द त्यांनी आयुष्यात हजार वेळा जागचं न हलता "आलो" म्हटलं असेल, पण साहेबानं शब्दाचा अर्थ विचारला आणि त्यांनी शब्दाचा अर्थ दिला. राग आहे तो कॅप्टन साहेबांचा. ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी ऐकलं ते ऐकलं तसं सांगितलं, आणि मी सांगितलेला अर्थ गिळून टाकला. निकाल लागला: संत्रीनं कव्हर घेतल्याचा रिपोर्ट दिला, नंतर दोघे आपल्या चुकीनं बाहेर आले.

मला बोर्ड आउट करून, म्हणजे नोकरीला अपात्र ठरवून, घरी पाठवलं. पुण्याला कृत्रिम पाय बसवला. पाय चांगला आहे, पण तो बनवणाऱ्याला आमची काळी माती माहीत नसावी. ओल्या रानात गेलो की मी पुढे निघतो आणि पाय मागेच राहतो. मे महिन्यात खुंटाला फोड येतात, मग आठ-आठ दिवस कुबडी. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते ती निराळीच. डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत असते, ती कधी थांबत नाही. आवाज कुठून आला ते कळत नाही, म्हणून परभणीत रस्ता ओलांडताना मी बैलासारखी सगळी मान वळवतो आणि ऑटोवाले शिव्या देतात. बायको नेहमी माझ्या उजव्या हाताला चालते. भांडताना मात्र डावीकडून बोलते. म्हणते, "सगळं ऐकायचं कशाला? काही सुटलेलं बरं असतंय."

हे सगळं अंगवळणी पडलं. चुडाव्याचं पडलं नाही.

व्यंकटीचे वडील किशनबापू. पाय बसल्यावर मी पहिल्यांदा त्यांना भेटायला गेलो. चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "एक सांगा. माझं पोरगं मोबाईलवर शूटिंग करायला भाईर आलं व्हतं का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. निकालातली "आपल्या चुकीनं बाहेर आले" ही ओळ रजेवर आलेल्या कोणाच्या तोंडून गावात पोचली होती. चूक म्हणजे काय ते गावानं आपल्या अकलेनं भरून काढलं. आजकालच्या पोराची चूक म्हणजे मोबाईल. चौकात व्यंकटीच्या नावाचा फलक लावायचं ठरलं होतं, ते राहिलं. एक जण ग्रामसभेत म्हणाला, व्हिडिओच्या नादात गेलेल्याला शहीद कसं म्हणावं?

"बापू, पोस्टवर मोबाईल जमा असायचे," मी म्हणालो. "आमी कव्हरमधी पोचलोच नव्हतो." आणि सगळं सांगितलं.

बापू ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला पटलं. पण गाव म्हनतं, तुमी त्याचे दोस्त. दोस्त दोस्ताचंच बोलणार. वर म्हनतं, त्या बहिऱ्याला काय ऐकू आलं असंल." पुढे म्हणाले, "फलक नको मला. त्यानं येडेपणा केला न्हाई, एवढं त्या सायबानं एकदा येऊन चारचौघांत सांगावं. बस."

कॅप्टन साहेब आता कर्नल आहेत. दरवर्षी दिवाळीला त्यांचा फोन यायचा. मराठी तोवर इतकं सफाईदार, की सदाशिव पेठेतला माणूस फसेल. एका वर्षी मी शुभेच्छा होऊ दिल्या आणि म्हणालो, "सर, चुडाव्याला या. व्यंकटीच्या वडिलांना आणि गावाला एवढंच सांगा, की तो पोचला नव्हता. कागद बदलू नका. तोंडानं सांगा."

साहेब म्हणाले, "येतो."

"कधी, सर?"

वार सांगितला. नांदेडकडे जाणार आहेत, सकाळच्या गाडीनं येतील, चुडाव्याला दोन तास उतरतील. मग म्हणाले, "बरं, येतो मग." आणि फोन ठेवला.

मी आदल्या दिवशीच चुडाव्याला गेलो. सकाळी बापूंनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. ग्रामसभेत बोललेल्या त्या माणसालाही त्यांनी स्वतः घरी जाऊन बोलावलं. आम्ही स्टेशनवर उभे राहिलो. गाडी आली. दोन बायका उतरल्या, एक म्हातारा उतरला. गाडी गेली. मी फोन लावला, तो बंद. दुपारची गाडी पाहिली. संध्याकाळची पाहिली. ग्रामसभेतला तो माणूस दुपारीच घरी निघून गेला, जाताना माझ्याकडे बघून काही बोलला. तो डावीकडे होता.

मराठी माणूस निरोप घेताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. साहेब तेवढं मराठी नीट शिकले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

बाकावर बसून बापू म्हणाले, "मोठा माणूस हाय. लय कामं असत्यात." त्यांना राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. मीच काही वाईट बोललो साहेबांना. बापूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, नेमका खोट्या पायाच्या वर. म्हणाले, "जिथं कुठं लोक ऐकतेत, तिथं तुमी सांगा. तुमच्याबिगर सांगनारं कोन हाय?"

पुढच्या वर्षी बापू गेले. फलक लागला नाही. म्हणून इथे लिहितो. लान्स नाईक व्यंकटी किशनराव ढगे, मुक्काम चुडावा, तालुका पूर्णा. एका अनोळखी हमालाला सुरक्षित बसवून परत येत होता. कव्हरमधून बाहेर आला नाही. कव्हरमध्ये पोचलाच नव्हता. वाटेत होता.