मापात बसलेली टोपी

टोपी अगदी मापात बसली होती. तिथंच मला संशय यायला हवा होता!

तुम्ही म्हणाल, टोपी मापात बसली यात बिघडलं काय? तर मग तुम्ही माझं विणकाम पाहिलेलं नाही. हातातला चहा आधी संपवा बरं, नाहीतर पुढं ठसका लागेल आणि तेही पाप माझ्याच माथी. माझ्या आयुष्यात फजित्या कमी झालेल्या नाहीत, पण ही त्या सगळ्यांची पाटलीण आहे.

मैत्रिणींना बाळं व्हायला लागली तशी मी विणायला लागले. मोबाईलवर बघून शिकले. उलटा टाका, सुलटा टाका, सुटलेला टाका, आणि मग आपणच सुटलेले. एम.एस्सी. झालेली मुलगी मी, पण एवढूशा मोज्याची टाच वळवताना मला दरदरून घाम फुटतो. सायलीच्या लेकीसाठी केलेली टोपी सध्या त्यांच्याकडे चहाच्या किटलीवर असते. रोशनीच्या मुलाचे मोजे केले, तर एक त्याच्या अंगठ्यावर बसला आणि दुसऱ्यात दोन्ही पाय मावून वर जागा उरली.

"आणि नागपुरात लोकर कोण घालतं वं प्रज्ञा?" आई म्हणते. "आपल्याकडं थंडी येते चार दिवस, पाहुण्यासारखी. तेवढ्यासाठी हे एवढं?"

पण मी काय ऐकते! मृणालला मुलगा झाला तेव्हा एप्रिल चालू होता, बाहेर डांबर वितळत होतं, आणि मी कूलरसमोर बसून पिवळ्या लोकरीचा स्वेटर, मोजे आणि गोंड्याची टोपी विणत होते. बारशाच्या आदल्या दिवशी महाल भागात तिच्या सासरी सगळं पोचवूनही आले. तिच्या सासूबाईंनी टोपी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या, "मोठ्या मेहनतीचं काम हाय वं पोरी." कसं झालंय ते मात्र बोलल्या नाहीत. काकू मूळच्या खापा गावच्या. तोंडानं फटकळ, पण पाहुण्याला दुखवायच्या नाहीत.

घरी आले आणि रात्रभर मला एकच काळजी. मोबाईलवर कुठंतरी वाचलं होतं की लोकरीमुळं बाळ तापतं. मग दुसरीकडं वाचलं की लोकरीचे तंतू नाकात जातात. तिसरीकडं वाचायच्या आधी आईनं मोबाईल काढून घेतला.

आता बारशाचा दिवस. मला उशीर व्हायची भीती वाटते, म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोचते. इतकी आधी, की घरची माणसंही तयार नसतात. तशीच पोचले. मृणाल कुठं दिसेना. काकू मागं मोरीपाशी बायकांसोबत भाजी निवडत होत्या. मला बघून तिथूनच ओरडल्या, "आली का? जाय, आतल्या खोलीत कूलरसमोर बस. तू आणलेलं सारं घातलं हो! जाय, पाहून घे!"

मी आत गेले. पाळणा फुलांनी सजवलेला. आत मऊ दुपट्यात गुंडाळलेलं माझं पिवळं ध्यान. अंगात स्वेटर, डोक्यावर गोंड्याची टोपी. नाकापर्यंत ओढलेली, खालून स्वेटरचा गळा वर आलेला, आणि सगळं अगदी मापात!

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! वाटलं, जमलं एकदाचं. मग मोज्यांकडं लक्ष गेलं. मोजे पायात नव्हते, नाडीनं पोटावर बांधले होते. म्हटलं, गरमीमुळं असेल. खाप्याकडची पद्धत असेल. आपल्याला काय माहीत? आमच्याकडं नामकरण म्हणजे पांढरे कपडे, मेणबत्ती, बुद्धवंदना, नाव सांगितलं की टाळ्या आणि खीर. पाळणा, पाळण्याची गाणी, हे सगळं मी पहिल्यांदाच बघत होते.

मग मी लाडानं टोपीखाली बोट घालून गालाला लावलं.

गार!

गार म्हणजे माठासारखा गार. आणि कडक. मी बोट काढलं, पदरानं पुसलं, पुन्हा लावलं. तसंच! कूलर थेट पाळण्यावर सोडलेला, भर्रर्र. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: ह्यांनी बाळाला लोकर घातली, लोकरीनं उकडतं म्हणून कूलर फुल्ल केला आणि बाळ गारठलं! म्हणजे फिरून सगळं माझ्यावरच आलं ना?

तरी सायन्सची विद्यार्थिनी आहे मी. गोंड्यातून लोकरीचा एक धागा उपटला आणि नाक असायला हवं तिथं धरला. धागा हलला! फडफडला! श्वास चालू होता!

(कूलर पण चालू होता, हे मला नंतर सुचलं. तुम्हाला आत्ताच सुचलं असेल. तुम्ही हुशार आहात, तुम्ही लोकर विणत नाही.)

"काकू!" मी ओरडले. मागं कुणीतरी मिक्सर लावला होता. माझा आवाज चटणीत गेला. मृणालला फोन लावला. रिंग जातेय, जातेय, पण उचलत नाही. मग आठवलं, बाळ दचकतं म्हणून ती फोन मुका ठेवते. तिचा नवरा जिलबी आणायला गेलेला, त्याचा फोन बंद.

आता विचार करा. काकूंना बीपी. मृणाल ओली बाळंतीण. अशात जाऊन काय सांगू, की तुमचं बाळ माझ्या स्वेटरात गार पडलंय? त्यापेक्षा चौकात मुलांचा दवाखाना आहे, तिथं गुपचूप न्यायचं, गरम करून आणायचं आणि कुणाला कळायच्या आत पाळण्यात ठेवून द्यायचं. आता हे तुम्हाला सांगताना मलाच कसंतरी होतंय, पण त्या वेळी मला तो फार जबाबदार विचार वाटला होता!

बाळाला उचललं आणि कमरेत कळ आली. काय वजन! मृणाल म्हणाली होती, छान बाळसं धरलंय. पण हे असलं बाळसं? पदराखाली झाकलं, छातीशी धरलं आणि पुढच्या दारानं बाहेर. जिन्यात शेजारच्या घरातून एक बाळ टाहो फोडून रडताना ऐकू आलं. मनात म्हटलं, बघा, लोकांची बाळं कशी खणखणीत आहेत!

कोपऱ्यावर ई-रिक्षा उभी होती. आत बसले. रिक्षावाले काका मागं वळून बघायला लागले.

"कुठं जायचं बाई?"

"दवाखाना. चौकातला. लवकर! बाळ गार पडलंय!"

बस्स! त्या माणसानं रिक्षा अशी पिटाळली की तिच्यात बॅटरी आहे की घोडा तेच कळेना. महालातली गल्ली ती, दोन दुचाक्या समोरासमोर आल्या की चर्चा बसते. काकांनी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. "हटो भई! बच्चे का मामला है! ओ ताई, गाडी बाजूले घे वं!" भांड्यांचा दुकानदार उठून रस्ता मोकळा करायला लागला. पोह्यांच्या गाडीवरचा माणूस झारा घेऊनच पुढं पळत सुटला. एक आजीबाई खिडकीतून ओरडल्या, "कांदा हुंगवा त्याले! कांदा!" आणि कुणीतरी खरंच एक कांदा आत टाकला.

मी एका हातानं बाळ धरलेलं, एका हातानं मृणालला फोन लावतेय. रिंग, रिंग, रिंग. मांडीवर कांदा.

"तळपाय चोळा बाई!" काका म्हणाले.

मी दुपट्यात हात घातला. तळपाय सापडेनात. गुळगुळीत, गोल, एकसारखं सगळं. मी रडायलाच लागले. म्हटलं, पाय आखडून पोटात घेतलेत!

दवाखान्यात शिरले तेव्हा माझ्यामागं अर्धा महाल होता. बाकावरच्या आयांनी आपापली पोरं पोटाशी धरली. सिस्टर केरळच्या, शांत बाई.

"बेबी का नाम?"

"अजून ठेवायचंय. आज बारसं आहे."

"इधर रखो. वजन करना है."

बाळं मोजायचा तो स्टीलचा तराजू असतो ना? मी हळूच, अगदी फुलासारखं, बाळ त्याच्यात ठेवलं.

ठण्ण्!

रडणारी पोरंसुद्धा थांबली. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी सिस्टरकडं पाहिलं. मग तिनं दोन बोटांनी टोपीचा गोंडा धरला आणि टोपी वर उचलली.

आत दगड होता. काळा, गुळगुळीत, वर हळदीकुंकवाची बोटं लावलेला.

एखादी शहाणी मुलगी इथं थांबली असती. पण मला वाटलं, बाळ पळवलं! कुणीतरी बाळ चोरलं आणि घरच्यांना कळू नये म्हणून त्याच्या जागी दगड ठेवून गेलं! सिनेमात नाही का दागिन्यांच्या डब्यात खडे भरून ठेवत? मी किंचाळले, "चोरी झाली! बाळाची चोरी झाली!"

आणि मग जे व्हायचं तेच झालं. पोहेवाला झारा उगारून दारात उभा. "कोणी बाहेर जायचं नाही!" आयांची कुजबूज सुरू. रिक्षावाले काका मात्र डोकं खाजवत पुढं आले.

"बाई, बच्चा तुमचाच हाय ना?"

"नाही... मैत्रिणीचा."

"मैत्रिणीनं दिला तुमच्याजवळ?"

"नाही."

"तिले मालूम हाय, तुम्ही आणला म्हणून?"

"...नाही."

"मंग घरातून कोणी काढला?"

"मी."

"पदराखाली लपवून?"

"ऊन होतं ना बाहेर!"

काका एक पाऊल मागं सरले. त्यांच्यामागची गर्दीही एक पाऊल मागं सरली, आणि मग सगळ्यांनी मिळून दोन पावलं पुढं टाकली. झारा आता दाराकडं नव्हता, माझ्याकडं होता. माझ्या लक्षात आलं की ह्या चोरीत आत्तापर्यंत एकच संशयित आहे आणि तिच्या हातात कांदा आहे.

"थांबा! मी फोन लावते! घरच्यांशीच बोला!" माझा आवाज इतका बारीक निघाला की सिस्टरनं मला स्टूल दिलं.

मृणालला फोन लावला. रिंग. काकांनी हाताची घडी घातली. रिंग. एक आई दुसरीला म्हणाली, "चेहऱ्यावरून तर साधी वाटते वं." दुसरी म्हणाली, "अशाच असतात." रिंग. मी मनातल्या मनात म्हणत होते, उचल गं मृणाल, तुझं बाळ सापडू दे, मी आयुष्यात पुन्हा सुईला हात लावणार नाही. रिंग. रिंग.

खट्. फोन उचलला!

"हॅलो? कोण?" काकूंचा आवाज. मागं सगळा कल्ला. "मृणाल बाळाले पाजून राहिली, मी तिची सासू बोलून राहिली. फोन नुसता चमकून राहिला म्हणून उचलला."

मी श्वास न घेता स्पीकर लावला. "काकू, मी प्रज्ञा! बाळ... बाळ कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? माह्यासमोर हाय. आमचा कूलर पाणीच ओढून नाही राहिला, नुसती हवा, म्हणून शेजारच्यांकडं नेलं होतं तयार कराले. रडून रडून आत्ताच गप झालं. पण तू कुठी हायेस वं? इथं पाहुणे खोळंबले, बारसं अडून राहिलं. आमचा वरवंटा चोरीला गेला!"

"वर... वंटा?"

"हो, मसाला वाटाचा. बाळाच्या आधी त्याले नटवतात वं, नवे कपडे घालून पाळण्याखालून फिरवतात, नजर बिजर लागाची ते दगडाले लागो म्हणून. मंग बाळाचा नंबर. आत्ताच तर पाळण्यात ठेवला होता मी. कोण नेईन वं वरवंटा?"

दवाखान्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. झारा हळूहळू खाली आला. सिस्टरनं तराजूतलं 'बाळ' नीट दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"काकू," मी म्हटलं, "माझी टोपी... पण ती तर त्याला..."

"हो ना! तेच सांगून राहिली मी साऱ्यांले," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्या विणकामाबद्दल खरंखुरं कौतुक होतं. "बाळाले ते काहीच आलं नाही वं. टोपी खांद्यापर्यंत गेली, स्वेटरात तर त्याचं डोकंच शिरेना. पण पाह्य वं, वरवंट्याले काय मापात बसलं! जसं त्याच्यासाठीच विणलं!"