कपाटाची पाठ

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, फर्निचरच्या दुकानात नोकरीला आहेत, पण उभ्या जन्मात त्यांनी एक खिळा ठोकलेला नाही. गिऱ्हाइकाला त्याची खोली कॉम्प्युटरवर फिरवून दाखवायची, हे त्यांचं काम. जेवायला बसले की गणित सुरू. "प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे. वस्तू आधी फिरवायची, मग सरकवायची. उलट केलं तर खुर्ची खिडकीबाहेर! आणि जी बाजू आपल्याकडे पाठ करून असेल, ती काढायचीच नाही. तिच्या दिशेचा नि आपल्या नजरेचा गुणाकार करायचा, उत्तराच्या चिन्हावरून बाजू बाद! माझ्या कपाटांना पाठच नसते." ताई ऐकत ऐकत वाढत असते. माझी मात्र भूक मरते.

गेल्या महिन्यात ताईची मुलाखत होती. मुलं मोठी झाली की पुन्हा नोकरी धरायची, ही तिची कित्येक वर्षांची इच्छा. नेमकी त्याच सकाळी भाऊजींना हुक्की आली, झोपायच्या खोलीतलं कपडे टांगायचं कपाट बाहेरच्या खोलीत हलवायची. तेही कपड्यांसकट! पडद्यावर ते दारातून सुळकन गेलं होतं म्हणे. तिथल्या भिंती कुणाला अडवत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? आम्ही दोघं बाहेरून ओढत होतो. कपाट निम्मं दारात आलं आणि भाऊजी ओरडले, "आता फिरव!"

"भाऊजी, आधी फिरवायचं होतं ना?"

"तू फिरव रे!"

फिरवलं. कपाट चौकटीत तिरकं रुतलं ते रुतलंच. आणि ताई आत, कपाटाच्या पाठीमागे, इस्त्रीचे कपडे घालून, तयार. भाऊजी फतकल मारून कोन मोजायला बसले.

माझं डोकंच फिरलं. "तिची बस जाईल, नि तुम्ही कोन कसले मोजताय?"

"अहो," आतून ताईचा आवाज आला, "या कपाटाला पाठ आहे का हो?"

"आहे की. पातळ प्लायवूड."

"तुमच्या गणितात नसते ना? मग बाद!"

धाडधाड लाथा बसल्या. फळी कडाडली, कपाटाचं दार उघडलं आणि भाऊजींच्या शर्टांमधून ताई बाहेर आली. खांद्यावरचा मोजा काढून तिने त्यांच्या हातात दिला, पर्स सावरली आणि निघाली. ही माझी बहीण आहे, याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

नोकरी मिळाली. कपाट अजून दारातच आहे. भाऊजी रोज त्यातूनच वाकून झोपायला जातात, आणि जेवताना गणित हल्ली ताई सांगते.